घोडा पडल्यानंतर

चाप ओढला गेला, घोडा पडला, चकमकीने पोलाद खरवडल्याचा करकरीत आवाज आला आणि पुढे काहीच झालं नाही. जाळ नाही, धूर नाही, बार नाही. नळीचं तोंड मात्र चार बोटं खाली गेलं, उजवा खांदा पुढे झेपावला आणि डोळे घट्ट मिटले. फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीच्या ठिणगीने पेटणारी जुन्या धाटणीची रायफल शिकणाऱ्या एका मुलीचा मैदानावरचा तो दुसरा दिवस होता. त्याआधीचे बारा बार तिने नीट काढले होते, निदान पाहणाऱ्यांना तसं वाटलं होतं. २५ यार्डांवरच्या कागदाला छिद्रं पडली होती. ती सगळी काळ्या वर्तुळाच्या खाली पसरली होती खरी, पण प्रत्येक छिद्राला काही ना काही कारण सापडत होतं. गोळी सैल बसली असेल, गोळीभोवतीची चिंधी कोरडी राहिली असेल, ठिणगीने पेटणारं रंजक जास्त पडलं असेल. तेराव्या वेळी शिकवणाऱ्यांनी बंदूक स्वतःकडे घेतली, पाठ वळवून भरल्यासारखं केलं आणि तिच्या हातात दिली. नळी रिकामी होती, तिच्या बाजूची दारूची छोटी वाटी, म्हणजे पॅन, तोही रिकामा होता. बंदूक खाली घेतल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मघापासून असंच होत होतं?” शिकवणारे म्हणाले, “हो. धूर होता म्हणून दिसत नव्हतं.”

ते उत्तर नंतर कितीतरी दिवस डोक्यातून जाईना.

आजच्या रायफलीत चाप सुटणं आणि बार होणं या दोन गोष्टी माणसाला वेगळ्या जाणवतच नाहीत. फ्लिंटलॉकमध्ये त्या दोघांच्या मध्ये एक अख्खी मिरवणूक असते. घोडा पडतो, त्याच्या जबड्यातली चकमक समोरच्या पोलादी पात्यावर घासत खाली येते, ते पातं मागे उलटतं आणि त्याखालचा पॅन उघडा पडतो, ठिणग्या पॅनमधल्या बारीक दारूवर पडतात, ती पेटते, तिची आच नळीच्या बाजूच्या भोकातून आत शिरते, आतली दारू पेटते आणि तेव्हा कुठे गोळी हलते. लांब नळीतून बाहेर पडायला तिला आणखी थोडा वेळ लागतो. यंत्र चांगलं जुळलेलं असेल तर हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरकतं. कानाला एकच आवाज येतो. तरीही दचकायला तेवढा वेळ पुरतो, आणि दचकण्यासाठी तर मुख्य बारापर्यंत थांबावंही लागत नाही. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर पॅनमधला जाळ उसळलेला असतो आणि शरीर त्यालाच घाबरतं. गोळी अजून नळीत आणि नळी खाली चाललेली. नळीचं तोंड नुसतं एक मिलिमीटर हललं तरी २५ यार्डांवर गोळी दोनेक सेंटिमीटर सरकते. चार बोटांचा हिशोब करायलाच नको. तिच्या छिद्रांचं कारण इतकं साधं होतं आणि तरी बारा वेळा कुणालाही ते दिसलं नव्हतं.

मराठीत या बंदुकीचे शब्द अजून शाबूत आहेत, फक्त ते बंदुकीपासून सुटून भलतीकडे राहायला गेले आहेत. पॅनमध्ये जी चिमूटभर दारू घालतात तिला रंजक म्हणतात. आज ‘रंजक’ म्हटलं की करमणूक आठवते. नळीच्या बाजूचं बारीक भोक म्हणजे कान. रंजक पेटलं आणि आतली दारू पेटलीच नाही तर तो फुसका बार. कामात, भाषणात, निवडणुकीत आपण रोज फुसके बार पाहतो, पण खरा फुसका बार कसा असतो ते मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही: उजव्या गालाला एकदम गरम झुळूक, पांढऱ्या धुराचा एक गोळा, गंधकाचा वास आणि मग शांतता. या शांततेत काय करायचं हे शिकण्यातच निम्मं शिक्षण आहे. त्यावर पुढे येऊच. ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द मात्र नवशिक्याला फसवतो. ठासणे म्हटलं की हात जोर लावतो. ठासून सांगणे, ठासून भरणे, सगळीकडे जोरच. इथे खरं तर गोळी दारूवर टेकवायची असते, दर वेळी सारख्याच दाबाने. ठासायचा गज वर उचलून गोळीवर आपटणारे लोक मऊ शिशाची गोळी चपटी करतात, दारूचे दाणे चिरडतात आणि मग नेम का बसत नाही म्हणून माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेला, दोष देतात.

यंत्राची सुरुवात दगडापासून होते, म्हणून शिकणंही तिथूनच व्हावं. आपल्याला वाटतं ठिणगी दगडातून निघते. ती निघते पोलादातून. चकमक पोलादापेक्षा कठीण असते. तिची धार पात्यावरून अतिशय बारीक कीस काढते, घर्षणाने तो कीस लालभडक तापतो आणि हवेत जळत जळत खाली पडतो. ज्या पोलादी पात्यावर ती घासते त्याला फ्रिझन म्हणतात. ते नीट पाणी दिलेलं, कठीण हवं. मऊ राहिलं तर चकमक त्यात चर पाडते आणि ठिणग्या मरतात. चकमक घोड्याच्या जबड्यात नुसती आवळून चालत नाही. तिच्याभोवती चामड्याचा किंवा पातळ शिशाचा तुकडा गुंडाळतात, म्हणजे तिला पकड मिळते आणि आघाताने ती तडकत नाही. चामडं पहिल्या दोन-तीन फटक्यांत दबतं, तेव्हा स्क्रू पुन्हा आवळावा लागतो. पुष्कळ जणांची पहिली सकाळ हे न कळल्यामुळेच वाया जाते. अर्ध्या घोड्यावर, म्हणजे घोडा मधल्या खाचेत अडकवून, फ्रिझन मिटलं की चकमकीची धार त्याच्यापासून एक-दोन मिलिमीटरवर असावी आणि दोघांच्या कडा अगदी समांतर असाव्यात. एक कोपरा आधी टेकत असेल तर तोच एकटा काम करतो आणि तोच आधी तुटतो. धार फ्रिझनच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लागावी आणि खाली घासत येताना तिचं टोक पॅनकडे वळलेलं असावं. चकमकीची एक बाजू सपाट असते आणि एक उतरती. उतार वर ठेवायचा की खाली, याचं एकच उत्तर नाही. ज्या यंत्रात जे केल्याने धार योग्य जागी लागते ते तिथे बरोबर.

अंधाऱ्या खोलीत, नळी रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, घोडा पाडून पाहावा. चांगल्या यंत्रातल्या ठिणग्या पांढुरक्या असतात, पॅनमध्ये पडून क्षणभर तडतडतात, एखादी उडी मारून दस्त्याच्या लाकडावर जाते. वाईट यंत्रातल्या तांबूस असतात आणि पॅनपर्यंत पोचायच्या आतच विझतात. धार बोथट झाली की दगड बदलण्याआधी तिचे बारीक टवके काढून ती पुन्हा करता येते. पितळेच्या लहान तुकड्याने धारेवर खालच्या दिशेने हलकेच दाबत गेलं की कपचे सुटतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि बोटं जपायची, कारण ताजी चकमक काचेसारखी कापते. एक चांगली चकमक किती बार देईल हे दगडावर, फ्रिझनवर आणि घोड्याच्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, अवलंबून असतं. वीस-पंचवीस तर सहज, पन्नासही निघतात. इंग्लंडमध्ये सफोकमधल्या ब्रँडनची काळी चकमक आणि फ्रान्सची मधाळ रंगाची, या दोघींची नावं नेमबाज आजही आदराने घेतात.

आता दारू. ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक, ही काळी दारू आणि फक्त हीच. काळ्या दारूचे आधुनिक पर्याय मिळतात, पण त्यांतले बरेचसे पेटायला जास्त उष्णता मागतात आणि चकमकीच्या ठिणगीला दाद देत नाहीत. बिनधुराची दारू तर चुकूनही जवळ आणू नये. ती या नळीत भरली तर नळी फुटते आणि हात, डोळे, जीव जातो. काळ्या दारूचे दाणे ‘एफ’ या अक्षराने मोजतात. जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. नळीत दोन किंवा तीन एफ, पॅनमध्ये चार एफ. पन्नास कॅलिबरच्या रायफलीत सुरुवातीला ५० ते ६० ग्रेन दारू पुरते. ७० ग्रेन म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, आणि कागदावरच्या नेमबाजीला त्याहून जास्त फारशी लागतच नाही. त्या विशिष्ट रायफलीच्या कारागिराने किंवा कारखान्याने घातलेली वरची मर्यादा ओलांडायची नाही. एक नियम सगळ्यांत आधी हाडात मुरायला हवा: दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत दारू कधीही ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा बुडाशी धुगधुगत असेल तर मापातली दारू भडकून हात भाजेल, पण शिंगच जोडलेलं असेल तर हातात बॉम्ब असतो. शिंगातून मापात घ्यायचं, शिंगाचं बूच लावायचं, मग माप नळीत रिकामं करायचं. दर वेळी, याच क्रमाने.

भरताना घोडा पुढे पडलेला आणि फ्रिझन उघडं. मग ठिणगी पडायचा प्रश्नच उरत नाही. भरण्याआधी गज नळीत सोडून बाहेर किती राहतो ते पाहायचं. गजावर दोन खुणा असाव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक नेहमीच्या माप-गोळीची. या दोन रेघा अनेक अपघात वाचवतात. नळीतलं साठवणीचं तेल पुसून काढायचं, कान तारेने मोकळा करायचा. मग कानात पिसाची काडी किंवा दातकोरणं खोचून ठेवायचं, म्हणजे दारू ओतताना कान भरून बसत नाही. माप ओतायचं, नळीला बाजूने दोन-चार टपल्या मारायच्या. नळीच्या तोंडावर तेल-मेणाने किंवा नुसत्या थुंकीने ओलसर केलेला घट्ट विणीच्या सुती कापडाचा तुकडा ठेवायचा. त्याला पॅच म्हणतात, मराठीत चिंधी म्हटलं तरी चालेल, पण ही चिंधी फार मोलाची. ५० कॅलिबरच्या नळीत ०.४९० इंच व्यासाची गोळी जाते, सुमारे साडेअकरा ग्रॅम शुद्ध मऊ शिशाची. उरलेली फट ०.०१५ इंच जाडीचा पॅच भरून काढतो. नळीतले पिळाचे आटे गोळीला पकडत नाहीत, कापडाला पकडतात, आणि कापड गोळीला फिरवतं. आखूड ठोकणीने गोळी तोंडात बसवायची आणि मग गजाने खाली न्यायची. गज मुठीत वरच्या टोकाला धरून जोर लावला की लाकूड वाकतं, तुटतं आणि तुटलेलं टोक तळहातात घुसतं. गोळीच्या जवळ धरून, वीत-दीड वीत असं टप्प्याटप्प्याने दाबत न्यायचं. नळीच्या तोंडावर स्वतःचं तोंड, छाती, डोकं कधीच येऊ द्यायचं नाही.

गोळी दारूवर टेकली की हाताला कळतं. आधी एक मऊ, किंचित दबणारी जागा लागते आणि मग ठाम थांबा. तेव्हा गजावरची खूण नळीच्या तोंडाशी जुळली पाहिजे. खूण वर राहिली तर गोळी मध्येच अडकली आहे. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी ठेवून बार काढला तर नळीला त्या जागी फुगवटा येतो, नशीब वाईट असेल तर ती फाटते. गोळी खाली जात नसेल, ओढूनही निघत नसेल, तर तो दिवसाचा शेवट समजावा आणि जाणत्याला बोलवावं. खूण खाली गेली असेल तर त्याहून नेहमीची गोष्ट घडली आहे: दारू घालायचीच राहिली. गप्पा मारत भरणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी होतं. त्यावर उपाय आहे. कानातून चार एफची थोडी दारू आत सारायची, गोळी पुन्हा गजाने खाली टेकवायची, गज बाहेर काढायचा आणि नळी लक्ष्याकडे धरून ती गोळी फुंकून टाकायची. नाहीतर गजाला स्क्रू लावून ओढून काढायची.

आणि मग रंजक. कानातली काडी काढायची, घोडा अर्ध्यावर चढवायचा, पॅनमध्ये तीनेक ग्रेन बारीक दारू. दिसायला अगदीच थोडी वाटते. पॅनचा तिसरा हिस्सा, फार तर अर्धा. नवशिका हमखास पॅन काठोकाठ भरतो, कारण जास्त दारू म्हणजे जास्त खात्री असं त्याला वाटतं. होतं उलटंच. कान दारूने बुजला की तो वातीसारखा वागतो, दाण्यामागून दाणा जळत जातो आणि बार रेंगाळतो. कान मोकळा असेल तर पॅनमधल्या जाळाची झळ सरळ आत जाते. हे भोक असतं तरी किती, १.६ ते २ मिलिमीटर. त्या एवढ्याशा भोकातून सगळा कारभार चालतो. रंजक कानापासून लांब, पॅनच्या बाहेरच्या कडेला सारावं असं जुने लोक शिकवत आले. वेळ मोजून पाहणाऱ्यांना मात्र कानाजवळ असलेलं, पण कान न बुजवणारं रंजक लवकर बार देतं असं आढळलं आहे. स्वतःच्या यंत्रावर दोन्ही करून पाहावं आणि मग एकच पद्धत धरून राहावं. दमट हवेत रंजक पाच-दहा मिनिटं पॅनमध्ये राहिलं की आधीच्या बाराची राख ओल धरते आणि दाण्यांचा काळा चिखल होतो. अशा दिवशी दर बाराआधी पॅन, चकमक आणि फ्रिझनची घासली जाणारी बाजू कोरड्या कापडाने पुसायची आणि रंजक अगदी शेवटी घालायचं.

नॉर्मंडीतल्या लिझ्योच्या मारँ ल बुर्झ्वा या कारागिराच्या नावावर हे यंत्र साधारण १६१० च्या सुमाराला मांडतात. त्याआधी बहुतेक सैनिकांना जळती जामगी, म्हणजे धुमसती वात, हातात घेऊन हिंडावं लागे. पुढची दोनशेहून जास्त वर्षं सैन्यं आणि शिकारी या दगडावर विसंबून राहिले. ते संपवलं एका स्कॉटिश पाद्र्याने. अलेक्झांडर फोर्सिथला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. पॅनमधला जाळ दिसताच पाणपक्षी छर्रे पोचण्याआधी जागेवरून हलतात, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनावर काम केलं आणि १८०७ साली पेटंट घेतलं. म्हणजे जाळ आणि बार यांच्यातल्या त्या वेळेच्या फटीचा उपयोग पक्षी करून घेत होते आणि माणसाला ती सहन झाली नाही. आज मात्र लोक आपणहून त्या फटीकडे परत येतात. जागतिक ठासणी-नेमबाजीत ५० मीटरवर उभं राहून फ्लिंटलॉक मस्केटने खेळायचा वेगळा प्रकार आहे. अर्ध्या तासात तेरा बार काढायचे आणि त्यांतले सर्वोत्तम दहा मोजले जातात. तीन बार सोडून द्यायची ही मुभा ज्याने ठेवली त्याला या बंदुकीचा स्वभाव पक्का ठाऊक होता.

फुसक्या बारानंतरची शांतता. रंजक भडकलं, बार झाला नाही, तर कारणं मोजकीच असतात: कान बुजला, कानात तेल किंवा ओल आहे, बुडाशी राख साचली आहे, किंवा आत दारूच नाही. पण कारण शोधायच्या आधी थांबायचं असतं. आत एखादा दाणा अजून धुमसत असेल आणि बार दोन सेकंदांनी, कधी त्याहूनही उशिरा होईल. म्हणून नळी लक्ष्याकडेच, दस्ता खांद्याला तसाच, आणि किमान एक मिनिट. मग पॅन पुसायचा, बाजूने तार घालून कान मोकळा करायचा, नवं रंजक घालायचं, पुन्हा नेम. हे मिनिट फार लांब असतं. हाताला कळ लागते, आजूबाजूचे बघत असतात, बंदूक खाली घेऊन पॅनमध्ये डोकवायचा मोह होतो. उजवीकडे कुणी उभं असेल तर त्याला आधीच दूर करावं लागतं, कारण नीट बार झाला तरी कानातून आडवी ज्वाळा निघते आणि हातभर अंतरावरच्या माणसाला भाजू शकते.

दचकणं घालवायचा सराव कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. घोड्याच्या जबड्यात चकमकीऐवजी लाकडाचा तुकडा लावून रिकाम्या नळीने रोज वीस-तीस वेळा घोडा पाडायचा, आणि घोडा पडल्यावरही माशी कुठे आहे ते पाहत राहायचं. नंतर मैदानावर रिकाम्या नळीने, कानात काडी खोचून, नुसतं रंजक पेटवायचं. चेहऱ्याजवळचा जाळ डोळ्यांना सवयीचा व्हायला हवा. चष्म्याच्या काचेमागे डोळे उघडे ठेवता येतात, हे शरीराला तोंडी सांगून पटत नाही, ते पन्नासदा दाखवावं लागतं. मग मधूनच दुसऱ्याने भरून दिलेली बंदूक, जिच्यात काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. चाप सुटल्यावर मनात ‘एक, दोन’ मोजायचं आणि त्यानंतरच गाल दस्त्यावरून उचलायचा. बार होताना माशी नेमकी कुठे होती हे कागद पाहायच्या आधी सांगता यायला हवं. ज्याला ते सांगता येत नाही त्याचे डोळे मिटलेले होते.

चिंध्याही बोलतात. बार झाल्यावर पॅच समोर थोड्या अंतरावर पडतो. मैदान थांबलं की ते गोळा करून आणावेत. मध्ये काळा डाग, भोवती आट्यांच्या पुसट रेघा आणि कडेला तंतू उसवलेले असतील तर सगळं ठीक. मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त झाली आहे. रेघांवर चिरलं असेल तर नळीचं तोंड किंवा आटे धारदार आहेत. पाच ग्रेनने दारू वाढवत, प्रत्येक मापाचे पाच बार काढत, कागद आणि चिंध्या शेजारी मांडून पाहणं यात एक अख्खी दुपार सुखाने जाते. त्या मुलीच्या बारा चिंध्या पहिल्या दिवसापासून उत्तम होत्या. बंदूक तिच्याशी खरी वागत होती.

संध्याकाळी सफाई टाळता येत नाही. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन राखेच्या रूपात मागे राहतं आणि ती राख हवेतली ओल शोषते. एका रात्रीत नळीत तांबूस गंज धरतो. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, कानात काडी, आणि चिंध्यांमागून चिंध्या. पहिली डांबरासारखी काळी येते, सडक्या अंड्यांचा वास येतो. सातवी-आठवी राखाडी, मग पांढरी. कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी घालून बघायची. ती नारिंगी निघाली तर काम राहिलं होतं. यंत्र दस्त्यातून काढून धुतलं की कमानीखाली साचलेली काळी रेघ दिसते, आणि पॅनच्या कोपऱ्यात अडकलेला एखादा न जळलेला दाणा.

सहा आठवड्यांनी शिकवणाऱ्यांनी तिच्यावर तोच डाव पुन्हा टाकला. ओळीने चार भरलेल्या बंदुका दिल्या, पाचवी रिकामी. अंतर आता ५० यार्ड होतं, हवा दमट, आधीच्या बारांचा धूर मैदानावर खाली लोंबत राहिलेला. तिने दस्ता खांद्याला लावला, घोडा पूर्ण चढवला, अर्धा श्वास सोडला. चाप सुटला. फ्रिझन मागे उलटलं, ठिणग्यांची मूठ मोकळ्या पॅनमध्ये पडली, दोन-तीन तिथेच तडतडल्या, एक लाकडावर उडून विझली. नळीचं तोंड हललं नाही. गाल दस्त्यावर, डोळे उघडे, माशी वर्तुळाखाली जिथे होती तिथेच. तिने बंदूक खाली घेतली नाही. तिच्या लेखी ती भरलेली होती आणि आत काहीतरी धुमसत असू शकत होतं. शिकवणाऱ्यांना नळी रिकामी असल्याचं माहीत होतं, तरी ते काही बोलले नाहीत. ते तिच्या मागे, डाव्या बाजूला, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर उभे राहिले.